फाल्गुनराव परवडला, ते गाणं नको

सांगलीत एका हौशी ग्रुपनं केलेला संगीत संशयकल्लोळचा प्रयोग बघितला, आधीच सांगून टाकते, पैसे वसूल. सांगलीजवळच्याच हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचं नाटक आणि ते पण सांगलीत म्हटल्यावर निम्म्या पब्लिकला पदं पाठ असतात. पुढच्या रांगेतल्या एक आजी 'कर हा करी धरिला' पेटीच्या आधीच म्हणायला लागल्या, तरी कुणी शुक शुक केलं नाही.

स्टोरी बहुतेकांना माहितीच असेल. रेवतीला चक्कर येते, फाल्गुनराव तिला सावरतो, ते बायकोला म्हणजे कृत्तिकेला दिसतं, रेवतीकडची तिच्या प्रियकराची, आश्विनशेटची तसबीर कृत्तिकेच्या हाती लागते आणि ती तिच्या हातात फाल्गुनरावाला दिसते, झालं, चौघंही एकमेकांवर उखडलेले. मूळ गद्य नाटक १८९३ चं, पदांसकट बालगंधर्वांच्या गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ ला आणलं, आणि मुळात धागा मोलियरच्या फ्रेंच फार्सचा. पण बघताना कुठं परकं वाटत नाही, पात्रांची नावं पण सगळी महिन्यांची नाहीतर नक्षत्रांची.

फाल्गुनराव झालेल्या काकांनी कमाल केली. तसबीर हातात आल्यावर बायकोकडं बघतच नाहीत, आधी ती उलटी करून मागं काही लिहिलंय का बघतात, मग बाहीनं काच पुसून परत बघतात. हसून हसून पोट दुखलं, आणि मग वाटलं की बायको आंघोळीला गेली की तिचा मोबाईल असाच चाळणारे नवरे आपल्या ओळखीत काय कमी आहेत का.

आता ते गाणं. त्याच आठवड्यात विश्रामबागला एका रिसेप्शनला नवरानवरीच्या एंट्रीला डीजेनं द पोलीस बँडचं 'एव्हरी ब्रेथ यू टेक' लावलं. १९८३ चं गाणं, अमेरिकेत आठ आठवडे एक नंबरला होतं, चाल एकदम गोड. पण शब्द ऐका की, तू श्वास घेशील, पाऊल टाकशील, माझी नजर तुझ्यावर आहे, आणि ती तर सोडून गेलेली आहे! लिहिणारा स्टिंग स्वतःच सांगत आलाय की हे पाळत ठेवणाऱ्याचं गाणं आहे, तरी लोक लग्नात लावतात. एकच गिटार तीच तीच फिरत राहते, श्वास घ्यायला जागाच ठेवत नाही.

मला दोन्हीतला फरक इथं दिसला. नाटकात तसबीर कुठून कुठं गेली हे आपल्या डोळ्यांदेखत घडतं, त्यामुळं फाल्गुनराव कितीही तणतणला तरी आपण त्याच्या बाजूला जात नाही, शिवाय कृत्तिका काय ऐकून घेणारी नाही, ती त्याच्यावर तेवढाच संशय घेते आणि फाडफाड बोलते. गाण्यात तिला एक ओळ पण नाही. ती का गेली, आता कुठं आहे, घाबरलीय का, काहीच कळत नाही, आणि आपण आपले त्याच्याच खिडकीतून बघत मान डोलावतो.

पण देवलांना पण फुल मार्क देणार नाही हां. शेवटी सगळा उलगडा होतो, सगळे हसतात, आणि फाल्गुनराव फारच स्वस्तात सुटतो. तसबीर खरंच बायकोच्या आवडीच्या माणसाची असती तर त्यानं काय केलं असतं, हे नाटक विचारतच नाही, फार्स आहे म्हणून मी सोडून दिलं. या ग्रुपनं तर शेवटचा भाग इतका पळवला की कृत्तिकेला नीट रुसायला पण मिळालं नाही. रेवतीचा आवाज मात्र सुरेख, 'संशय का मनि आला' ला वन्समोअर मिळाला.

कॉलर माईक दोनदा कुईं करून ओरडला, इंटरव्हलला भडंग संपलेलं होतं. पुढचा प्रयोग मिरजेत करणार म्हणतायत, जमलं तर जा, फक्त पेटीच्या बाजूच्या रांगा घेऊ नका, संवाद ऐकू येत नाहीत.