मागच्या सीटसाठी दोन स्क्रीन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडीत मुलांसाठी पुढच्या सीटच्या हेडरेस्टच्या मागे दोन स्क्रीन बसवल्या त्याला नऊ महिने झाले. एवढ्या काळात स्क्रीन एकदाही बिघडल्या नाहीत. त्रास झाला तो सगळा वायरिंगचा. म्हणून चित्र किती छान दिसतं यावर मी फार लिहीत नाही. दहा इंचांची स्क्रीन मुलांपासून हातभर अंतरावर असते, तेवढ्यावरून हल्लीची बहुतेक कुठलीही स्क्रीन चांगलीच दिसते. ती कुठून वीज घेते आणि तिची वायर कुठून जाते, हे मात्र बसवण्याआधी नीट समजून घ्यायला हवं.

अख्खं हेडरेस्टच बदलायचं आणि आत बसवलेली स्क्रीन घ्यायची, असाही पर्याय असतो. दिसायला ते सुबक, पण मी घेतलं नाही. मागून धडक बसली तर मान सांभाळायचं काम हेडरेस्टचं असतं, आणि काही गाड्यांत धडकेच्या क्षणी ते आपोआप पुढे यावं अशी यंत्रणा बसवलेली असते. तिथे परकं हेडरेस्ट नको वाटलं. आम्ही हेडरेस्टच्या दोन दांड्यांना क्लॅम्पने बसणाऱ्या स्क्रीन घेतल्या. मागवण्यापूर्वी दांड्यांमधलं अंतर आणि दांडीची जाडी मोजून घ्या. सगळे क्लॅम्प सगळ्या गाड्यांना बसत नाहीत.

पहिली जोडणी एका फिटरकडून करून घेतली. तासाभरात काम झालं, मुलं खूश, आम्हीही खूश. पुढे गाडी चार दिवस जागची हलली नाही आणि पाचव्या दिवशी सकाळी स्टार्टरने नुसती टिकटिक केली. बॅटरी उतरली होती. चार्ज करून घेतली आणि मग निगेटिव्ह केबल काढून मधे, किती करंट जातो ते मोजायला, मल्टिमीटर लावला. दारं बंद करून, गाडी लॉक करून अर्धा तास थांबले, कारण गाडीतले कंट्रोलर झोपायला तेवढा वेळ घेतात. मीटरवर ०.३५ अँपिअर. एरवी हा आकडा ०.०५च्या आत असायला हवा. ०.३५ म्हणजे दिवसाला आठ अँपिअर-तासांहून जास्त, आणि आमची बॅटरी ४५ची. चार दिवसांत तेहतीस-चौतीस गेले, मग गाडी सुरू होणार कशी? फिटरने लाल वायर थेट बॅटरीवरून येणाऱ्या, कायम चालू असलेल्या लाइनवर जोडली होती. स्क्रीन बंद दिसत असल्या तरी स्टँडबायमध्ये वीज खात होत्या.

मग सगळं उकलून मी पुन्हा जोडलं. किल्ली फिरवल्यावरच चालू होणारी लाइन शोधली. आमच्या गाडीत ॲक्सेसरी सॉकेटचा फ्यूज तसा आहे. काही गाड्यांत सॉकेट कायम चालू असतं, त्यामुळे मल्टिमीटरने बघितल्याशिवाय गृहीत धरू नका. त्या जागी फ्यूज टॅप बसवला. त्यात दोन खाचा असतात, एक मूळ फ्यूजसाठी, एक नव्या लाइनसाठी. टॅपची दिशा महत्त्वाची आहे. उलटा बसला तर नव्या लाइनचा करंटही मूळ फ्यूजमधूनच जातो. फ्यूज काढा, किल्ली फिरवा, रिकाम्या खाचेच्या कुठल्या टोकाला १२ व्होल्ट येतात ते बघा, आणि टॅपचा समाईक पाय, म्हणजे दोन्ही खाचांना वीज देणारा, त्या टोकाला ठेवा. दोन्ही स्क्रीन पूर्ण उजेडावर मिळून अडीच अँपिअर घेतात, म्हणून नवा फ्यूज ५ अँपिअरचा आणि वायर १ स्क्वेअर एमएमची. गाडी सुरू करताना स्टार्टर व्होल्टेज क्षणभर खाली खेचतो, तेव्हा स्क्रीन बंद होऊन पुन्हा लागतात. हा दोष नाही. आधी गाडी सुरू करा, मग व्हिडिओ लावा.

वायर नेण्याचं काम सगळ्यात वेळखाऊ. फ्यूज बॉक्सपासून दाराच्या उंबऱ्याच्या प्लास्टिकखालून, गालिच्याखालून सीटपर्यंत, आणि सीटच्या पाठीमागून वर. इथे एक गोष्ट मनापासून सांगते. समोरच्या सीटच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे दाराकडच्या कडेला, बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग असते. ती सीटची शिवण फाडून बाहेर येते. तिथून वायर न्यायची नाही, तिथे टायही बांधायचा नाही. मी आतल्या कडेने, दोन सीटच्या मधल्या बाजूने नेली. सीटखाली पिवळा कनेक्टर किंवा पिवळी स्लीव्ह दिसली तर हात लावू नका, ती बहुधा एअरबॅगची किंवा बेल्टच्या प्रीटेन्शनरची, म्हणजे धडकेच्या क्षणी बेल्ट घट्ट ओढणाऱ्या यंत्रणेची असते. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह काढून काही मिनिटं थांबले होते, तो वेळ वाचवू नये.

दुसरा त्रास आवाजाचा. धाकट्याला हेडफोन टोचतात, म्हणून एका स्क्रीनचा आवाज ऑक्स केबलने गाडीच्या स्टिरिओला दिला. गाडी उभी असताना ठीक. ॲक्सिलरेटर दाबला की स्पीकरमधून कुंईऽऽ असा बारीक सूर निघे, इंजिन जितकं जोरात फिरे तितका तो चढे. थोरलीने पहिल्यांदा ओळखलं. म्हणाली, "आई, गाडी पळते तसं ते पण पळतंय." नेमकं तेच होत होतं. फिटरने स्क्रीनचं अर्थिंग सीटखालच्या एका रंगवलेल्या बोल्टला दिलं होतं, स्टिरिओचं अर्थिंग डॅशबोर्डमागे. दोन जागांच्या विजेच्या पातळीत थोडा फरक पडतो आणि अल्टरनेटरची, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची लहर त्या फरकावर बसून स्पीकरमध्ये येते. स्क्रीनची काळी वायर मी स्टिरिओच्या अर्थ पॉइंटवर नेली, पॉलिश पेपरने रंग घासून पितळी रिंग थेट चकचकीत पत्र्यावर घट्ट बसवली. सूर त्या क्षणी थांबला. जागा बदलणं जमत नसेल तर ऑक्स केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे दोन अर्थिंगमधला हा दुवा तोडणारा छोटा डबा लावता येतो.

तिसऱ्या महिन्यात दोन्ही स्क्रीन एकदम बंद पडल्या. फ्यूज उडालेला. बदलला, आठवड्याने पुन्हा उडाला. तेव्हा हाताशी १० अँपिअरचा फ्यूज होता, पण लावला नाही, आणि ते बरंच झालं. सासूबाई पुढे बसल्या की सीट पार मागे घेतात, आणि नेमकं तेव्हाच असं व्हायचं, हे नवऱ्याच्या लक्षात आलं. सीट पुढे ओढून टॉर्च मारला. सीटच्या रेलखाली वायर दाबली जाऊन आवरण चिरलं होतं, आत तांबं लखलखत होतं. मोठा फ्यूज घातला असता तर तापायचं ते तिथेच, गालिच्याला लागून तापलं असतं. तेवढा तुकडा बदलला, वायरवर कोरुगेटेड स्लीव्ह, म्हणजे वळ्यावळ्यांची प्लास्टिकची नळी चढवली, रेलपासून लांब टायने बांधली आणि सैल वळसा ठेवला. आता बसवतानाच सीट पूर्ण पुढे, पूर्ण मागे, पाठ आडवी, हेडरेस्ट वर-खाली असं सगळं करून बघा. कुठेच ताण येता कामा नये.

वापराचं थोडक्यात. ब्लूटूथ हेडफोनमध्ये ओठ आणि आवाज जुळत नव्हते, आम्ही वायरचे, आवाजाला मर्यादा असलेले घेतले. पेनड्राइव्ह एफएटी३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. रात्री उजेड अगदी कमी ठेवावा लागतो, नाहीतर मागच्या काचेत प्रतिबिंब पडून आरशात दिसतं. मांडीवरच्या मोबाइलपेक्षा समोर, डोळ्यांच्या उंचीवरच्या स्क्रीनने धाकट्याला मळमळ कमी होते, पण वळणांच्या रस्त्यावर तरीही होते. तिथे आम्ही स्क्रीन बंद ठेवतो आणि खिडकीबाहेर बघायला लावतो. उन्हात गाडी उभी करायची तेव्हा स्क्रीन क्लॅम्पमधून काढून पिशवीत ठेवतो. आत बॅटरी असलेली स्क्रीन मुद्दाम टाळली होती, उन्हाने तापलेल्या बंद गाडीत लिथियम बॅटरी नको. आणि मुलांचे बेल्ट घट्ट असल्याशिवाय मी स्क्रीन लावतच नाही, कारण जोरात ब्रेक लागला तर कपाळासमोर ती कठीण कडाच असते.

प्रत्येक सीटखाली मी एक सुटा होणारा कनेक्टर टाकला आहे आणि वायरवर टेप गुंडाळून त्यावर "स्क्रीन, ५ अँपिअर" असं लिहिलंय. मागच्या महिन्यात पाणी शिरून गालिचा भिजला, तो वाळवायला दोन्ही सीट काढाव्या लागल्या. मेकॅनिकने टेपवरचं वाचलं, कनेक्टर सोडवला, काम झाल्यावर तिथेच परत जोडला. घरी येताना धाकट्याचा व्हिडिओ जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.