गॅस्ट्रिक बँड, दीड वर्षानंतर: पोळी अडते, शिकंजी अडत नाही

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधी निकाल. वजन उतरवण्यासाठी ऑपरेशन करून जठराला बँड बसवला तेव्हा 98 किलो होते, आता 77. उंची 5 फूट 2 इंच. शुगरची गोळी निम्म्यावर आली, घोरणं थांबलं (असं नवरा म्हणतो, मी झोपलेली असते) आणि इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घराचा जिना आता कठडा न धरता चढते. तरी कुणी विचारलं, "बँड घेऊ का?" तर मी लगेच हो म्हणत नाही. आधी विचारते, तुमचं वजन ताटातून वाढलंय की पेल्यातून?

बँड म्हणजे सिलिकॉनचं कडं. दुर्बिणीने ऑपरेशन करून ते जठराच्या वरच्या टोकाशी बसवतात. कड्याच्या वर जठराची एक इवलीशी पिशवी राहते, तिच्यात थोडंसं घट्ट अन्न साचलं की पोट भरल्यासारखं वाटतं. कड्याच्या आतल्या अंगाला फुगा असतो. त्याची बारीक नळी पोटाच्या कातडीखाली बसवलेल्या पोर्टला जोडलेली असते. पोर्टमध्ये सुईने सलाईन भरलं की कडं आवळतं, काढून घेतलं की सैल होतं. दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा बसवला गेला 1993 मध्ये, बेल्जियमला. अमेरिकेत 2001 मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे काही वर्षं बँडचीच चलती होती. आता ती ओसरली आहे. बहुतेक सर्जन स्लीव्ह किंवा बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात) सुचवतात, माझ्याही सर्जननी तेच सुचवलं होतं. पण स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून काढतात, तो काही परत बसवता येत नाही. मला कापाकापी नको होती आणि गरज पडली तर काढून टाकता येईल असं काहीतरी हवं होतं. बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) 39 च्या पुढे आणि वर डायबिटीस, म्हणजे ऑपरेशनच्या निकषात मी बसतच होते. आपल्याकडे 37.5, किंवा सोबत डायबिटीससारखा आजार असेल तर 32.5 हा आकडा धरत आलेत.

ऑपरेशनबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आधी दोन आठवडे जवळजवळ पातळच खायचं असतं. लिव्हरमधली चरबी कमी होऊन ते आकसतं आणि सर्जनला त्याच्याखाली जागा मिळते. पोटावर चार-पाच बारीक टाके, दुसऱ्या दिवशी घरी. मग पातळ, मग मऊ गुरगुट्या भात, मग आपलं नेहमीचं, अशा पायऱ्या.

खरी गंमत त्याच्यानंतर. सुरुवातीला बँड जवळजवळ रिकामा ठेवतात, कारण आतली सूज उतरायला हवी. पहिलं सलाईन साधारण चार ते सहा आठवड्यांनी भरतात. तोवर सूज गेलेली, कडं सैल आणि भूक मात्र पहिल्यासारखी. या दिवसांत सासूबाई रोज विचारायच्या, "अगं, एवढं ऑपरेशन केलंस ना, मग ही भूक कशी लागते?" त्यांना काय सांगणार! बँड बसवला म्हणजे काम झालं असं घरच्यांना वाटतं. काम सुरू होतं ते सलाईन भरायला लागल्यावर.

सलाईन भरणं म्हणजे असं: टेबलावर उताणं झोपायचं, डोकं आणि खांदे जरा उचलायचे. पोट ताठ झालं की पोर्ट बोटाला लागतं, कातडीखाली मोठ्या बटणासारखं. तिथे स्पिरिट लावून सुई. सुई साधी चालत नाही, ह्युबर नावाची खास सुई लागते. साध्या सुईने पोर्टच्या सिलिकॉनचा कण निघून येतो आणि पुढे तिथून गळती लागू शकते. टोचल्याचं दुखणं रक्त तपासायला देतो तेवढंच. मग उठून बसायचं आणि पाणी प्यायचं, घोट घोट. सरळ खाली गेलं तर ठीक. छातीच्या मधोमध साचून राहिल्यासारखं वाटलं तर थोडं सलाईन तिथल्या तिथे काढून घेतात. अर्धा मिली इकडे की तिकडे, एवढ्यावर तुमचा पुढचा महिना ठरतो. कमी भरलं तर तीन पोळ्या सहज जातात, जास्त भरलं तर रात्री आडवं झाल्यावर घशाशी आंबट पाणी आणि खोकला.

आणि इथेच इंदूरकरांनी कान देऊन ऐकावं. माझं ऑपरेशन मुंबईला झालं, बहिणीकडे राहून. वाटलं होतं, भरण्याचं काम इथेच कुठेतरी होईल. इथे एका ठिकाणी गेले तर त्यांच्याकडे ह्युबर सुईच नव्हती, वर "जिथे बसवलात तिथेच जा" असं ऐकून घ्यावं लागलं. त्यांचंही एका अर्थी बरोबर आहे, दुसऱ्याने बसवलेल्या बँडला कोण हात लावणार? पण मला संध्याकाळी अवंतिका एक्सप्रेस पकडून मुंबई सेंट्रल गाठायची, पाच मिनिटांची सुई टोचून घ्यायची आणि परत यायचं, हे चक्र लागलं. माझ्या विमा पॉलिसीने ऑपरेशनचा खर्च दिला, या फेऱ्यांचा नाही, कारण त्या ओपीडीत, म्हणजे दाखल न होता घेतलेल्या उपचारांत, धरतात. बँडची किंमत विचारताना सगळे ऑपरेशनचा आकडा विचारतात. पुढची चार वर्षं सलाईन कोण भरणार, ते आधी विचारा.

आता खाण्याचं. काय अडतं ते ऐकलंत तर मराठी घरातलं अर्धं स्वयंपाकघर बाद होतं. ताजी मऊ पोळी आणि पाव सगळ्यात वाईट, चावून त्यांचा गोळा होतो आणि तो कड्यापाशी जाऊन बसतो. त्यापेक्षा शिळी पोळी कोरडी भाजून घेतलेली बरी, ती तुकड्या-तुकड्याने जाते. मोकळा भात अडतो, वरण घालून कालवलेला थोडा जातो. मेथीच्या काड्या, शेवग्याच्या शेंगेचे धागे, संत्र्याच्या फोडींची सालं, पेरू, हे सगळं विसरायचं. दालबाफल्याचं नाव काढू नका. बाफला म्हणजे कणकेचा गोळा, तूप कितीही ओता, गोळा तो गोळाच. सराफ्यातला, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारातला, गराडू (तळलेला कंद) एक फोड खाऊन पाहिला आणि पुढचा अर्धा तास त्या झगमगाटात भिंतीला टेकून उभी होते. भुट्ट्याचा कीस मात्र दुधात शिजलेला असतो, तो छान जातो.

सकाळी बँड जास्त आवळलेला असतो, असं मलाच नाही, बँडवाल्या बऱ्याच जणांना जाणवतं. आमच्याकडे सकाळ म्हणजे वाफेवरचे पोहे, वर शेव आणि जीरावन मसाला, शेजारी जिलबी. या ताटलीतले पोहे आठ वाजता अडतात, अकरा वाजता जातात. जिलबी आठलाही जाते, अकरालाही जाते. बँडचा सगळा स्वभाव या एका ताटलीत कळतो.

अडकतं म्हणजे नेमकं काय होतं? मागच्या वैशाखात एका मुंजीला गेलो होतो. पंगतीत पुरी-भाजी, जिलबी, मठ्ठा. शेजारच्या काकूंशी बोलता बोलता पुरीचा घास नीट न चावता गेला. आधी छातीच्या हाडामागे एकाच जागी दाब, मग तिथून पाठीत कळ. तोंडात लाळ भरायला लागली, साधी नाही, चिकट, फेसासारखी, गिळताही येईना. अशा वेळी पाणी पिऊन घास ढकलायचा मोह होतो. तो टाळायचा, कारण पाणी वरच साचतं आणि सगळंच उलटं येतं. उठले, बेसिनपाशी जाऊन उभी राहिले. फेस थुंकत राहिले, मग पुरीचा तुकडा आला तसाच वर, न पचलेला. ही उलटी नव्हे, पोटातलं आंबट काही येत नाही, वरचं वर परत येतं. तेवढ्यात काकू मागोमाग आल्या, पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "काय गं, गोड बातमी?" माझं वय सेहेचाळीस आहे.

त्या दिवशी पुढे काही घट्ट खाल्लं नाही. अडकून गेल्यावर तिथे सूज येते, म्हणून दिवसभर पातळावर राहायचं. हे सारखं होऊ दिलं तर वरची पिशवी ताणली जाते, कडं सरकू शकतं. म्हणून जेवायला बसले की आता गप्प बसते. घास बोटाच्या पेराएवढा, वीसेक वेळा चावायचा, चमचा खाली ठेवायचा. अर्ध्या पोळीला वीस-पंचवीस मिनिटं. जेवताना पाणी नाही, नंतरही अर्धा तास नाही, नाहीतर अन्न धुऊन खाली जातं आणि पोट भरल्याचं कळतच नाही. आमच्या घरी तांब्या-भांडं पानाशी नसलं तर पान वाढल्यासारखं वाटत नाही, त्यामुळे सासूबाईंना या नियमाचा सगळ्यात जास्त त्रास झाला. आता त्यांनीच माझ्यासाठी वेगळी छोटी ताटली काढून ठेवली आहे, आणि "अजून थोडं घे ना" हे वाक्य माझ्यापुरतं बंद झालंय. पाहुणे मात्र ऐकत नाहीत.

आता पेल्याकडे येते. बँडला फक्त घट्ट अन्न समजतं. रबडी, आइस्क्रीम, आमरस, श्रीखंड, बारीक शेव, चॉकलेट, तोंडात विरघळणारं काहीही कड्यातून सरळ खाली उतरतं. बाहेरच्यांसाठी सांगते, इंदूरची शिकंजी म्हणजे लिंबू सरबत नव्हे, ती आटवलेल्या दुधाची, केशर-सुकामेवा घातलेली, चमच्याने खावी इतकी दाट. छप्पन दुकान या खाऊगल्लीत उभं राहून तिचा अख्खा ग्लास संपवला तरी बँड हूं की चूं करत नाही, आणि तोच बँड ज्वारीच्या भाकरीच्या तुकड्यासाठी तुम्हाला बेसिनपाशी पाठवतो. डाएटिशियन लोक ज्या गोष्टी खा म्हणतात त्या अडवायच्या आणि ज्या टाळा म्हणतात त्यांना वाट द्यायची, असं हे यंत्र आहे. माझं वजन पहिल्या उन्हाळ्यात अडून बसलं होतं, ते आमरसाचे दिवस होते, सलाईन वाढवून काही फरक पडला नाही.

माझं निभावलं, कारण मी मूळची ताटवाली. पाच-सहा पोळ्या, वर भाताचा डोंगर, दोन वेळा. गोडाचं मला तसं प्रेम नाही. ताटावर लगाम बसला आणि वजन उतरलं. प्रथिनं रोज 60 ग्रॅमच्या वर जावीत म्हणून मुगाचं घट्ट वरण, पनीर, चक्का, सत्तू, आणि जे भरून निघत नाही ते पावडरीने. ताटातलं पनीर आधी, पोळी शेवटी. तरीही चौथ्या-पाचव्या महिन्यात केस मूठमूठ गळले, वजन भराभर उतरताना गळतात, मग थांबले.

औषधांचं कुणी आधी सांगत नाही म्हणून लिहिते. मोठ्या गोळ्या अडतात. कुटून घ्यायच्या, पण आपल्या मनाने नाही. हळूहळू विरघळणाऱ्या एसआर गोळ्या कुटायच्या नसतात, माझी शुगरची गोळी तशीच होती, ती डॉक्टरांनी बदलून दिली. गुडघ्यासाठी मी पूर्वी सर्रास डायक्लोफिनॅक घ्यायचे, ते बंद. तसल्या गोळ्यांनी जठराला जखमा होऊ शकतात, आणि बँड जठराच्या भिंतीत रुतत जाणं हा याचा सगळ्यात किचकट त्रास आहे. बी12, डी आणि लोहाची तपासणी ठरल्याप्रमाणे करायची. आणि एक, अचानक पाणीही उतरेनासं झालं, पोटात सतत दुखायला लागलं किंवा रोज रात्री खोकून जाग यायला लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका. बँड सरकलेला असू शकतो, तो लगेच रिकामा करावा लागतो. म्हणूनच बँडचं नाव, पोर्टची जागा आणि आत किती मिली आहे ते लिहिलेला कागद मी पर्समध्ये ठेवते. ऑपरेशन करून बँड काढता येतो हे खरं, पुष्कळांचा पुढे काढावाही लागतो, आणि काढल्यावर वजन परत यायला वेळ लागत नाही.

सध्या घरात प्रश्न आहे तो धाकट्या दिरांचा. माझं पाहून त्यांनाही बँड हवाय. जेवतात दोनच पोळ्या, पण दुकान बंद केलं की रोज सराफ्यात रबडी आणि येता-जाता शिकंजी. मी म्हटलं, "भाऊजी, तुमचं सगळं या कड्यातून सरळ खाली जाईल." ते म्हणाले, "वहिनी, मग तर उत्तमच!" त्यांना बायपासची माहिती घ्यायला पाठवलंय. तिथे गोड जास्त झालं की दरदरून घाम, धडधड आणि जुलाब होऊ शकतात, हे डॉक्टरांकडून ऐकल्यापासून ते जरा गप्प आहेत.