ड्रिफ्ट-डिफ्युजन की एनईजीएफ?

नवा ट्रान्झिस्टर सिम्युलेशनला घेतला की पहिला प्रश्न हाच: त्यातल्या करंटचं गणित या दोनपैकी कोणत्या पद्धतीने करायचं? ड्रिफ्ट-डिफ्युजनमध्ये इलेक्ट्रॉन म्हणजे वाहता प्रवाह. पॉइसन समीकरण (विद्युत विभवाचं, म्हणजे व्होल्टेज कुठे किती ते सांगणारं) आणि सातत्य समीकरणं (विद्युतभाराचा हिशोब जुळवणारी) आलटूनपालटून सोडवायची, काही मिनिटांत लॅपटॉपवर आलेख तयार. ही समीकरणं संगणकासाठी जाळीवर मांडण्याची 1969 सालची शारफेटर-गमेल पद्धत आजही तिथे कामाला येते.

एनईजीएफमध्ये, म्हणजे असमतोल ग्रीन फंक्शनच्या पद्धतीत, इलेक्ट्रॉन हा तरंग. सिलिकॉनच्या जालकाची (अणूंच्या नियमित मांडणीची) एक पेटी 0.543 नॅनोमीटरची, म्हणजे 10 नॅनोमीटरच्या चॅनेलमध्ये, करंट वाहतो त्या पट्टीत, अशा जेमतेम 18 पेट्या. एवढ्याशा जागेत ‘मोबिलिटी’ला, म्हणजे इलेक्ट्रॉन सरासरी किती सहज सरकतात या मापाला, अर्थ तरी काय उरतो? गेट (करंट चालू-बंद करणारं टोक) बंद असताना सोर्सकडून ड्रेनकडे, म्हणजे चॅनेलच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे, टनेलिंगने (ऊर्जेच्या अडथळ्यातून आरपार जाऊन) गळणारा करंट साध्या ड्रिफ्ट-डिफ्युजनला दिसतच नाही. ऑफ-करंट, म्हणजे बंद अवस्थेतला करंट, इतका कमी आलेला पाहून मी एकदा जाम खूश झालो होतो. डिव्हाइस चांगलं नव्हतं, मॉडेल आंधळं होतं.

पण एनईजीएफ वेळ खातं. प्रत्येक ऊर्जेसाठी मॅट्रिक्स उलटवायचा. चॅनेलच्या आडव्या छेदातले अणू दुप्पट केले की काम साधारण आठपट. त्यात फोनॉनमुळे (जालकाच्या कंपनांमुळे) होणारं इलेक्ट्रॉनचं विखुरणं जोडलं की जॉब क्लस्टरवर दिवसेंदिवस पडून. ते वगळलं तर करंट फाजील जास्त दिसतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर 50 नॅनोमीटरहून लांब चॅनेलला एनईजीएफ ही निव्वळ हौस, दहाच्या खाली त्याच्याशिवाय इलाज नाही. मधल्या पट्ट्यात ड्रिफ्ट-डिफ्युजनचं विभव काढून तेच एनईजीएफला सुरुवात म्हणून देतो; गणिताच्या बऱ्याच फेऱ्या वाचतात.