डच 'बुजरेपणा' कुठून आला? एटिमोलोगीबांक साइटचा रिव्ह्यू

डच शिकताय आणि शब्द कुठून आला हे खणायची खाज असेल तर एटिमोलोगीबांक ही साइट बघाच, २०१० साली निकोलिन व्हान डेर सैस या भाषातज्ज्ञ बाईंनी उभी केली, एकदम फुकट.

आता व्हर्लेखनहाइट घ्या, म्हणजे बुजरेपणा. बुजरा तो व्हर्लेखन (आपल्या लेखनाशी काडीचा संबंध नाही, हसू नका). शब्दाचं मूळ निघतं लिखन, म्हणजे पडून असणं, आणि त्याला पुढे व्हर लागलं की अति पडून राहून वाया जाणं! म्हणजे आधी पडून पडून खराब झालेला माल व्हर्लेखन, मग सुस्तावलेला माणूस, मग ज्याला काय करावं तेच सुचेना असा अडकलेला, आणि तिथून लाजराबुजरा. जर्मनमध्येही सेम क्रियापद आहे, बाराव्या शतकाच्या अखेरीस हार्टमान फॉन आउअच्या एरेक काव्यातला शूर सरदार लग्नानंतर बायकोसोबत नुसता लोळत पडतो आणि दरबारात त्याची छी थू होते, त्या लोळण्याला तिथे हाच शब्द. आजच्या डचमध्येही एखाद्या गोष्टीवाचून अडलं असेल तर तिच्यासाठी 'व्हर्लेखन बसलोय' म्हणतात, तिथे लाजण्याचा प्रश्नच नाही.

साइटची खरी मजा म्हणजे एकाच शब्दाखाली वेगवेगळे कोश ओळीने लावलेत, १९१२ चा, १९७१ चा, २००३ ते २००९ मध्ये आलेला चार खंडांचा, त्यामुळे कुठे सगळ्यांचं एकमत आणि कुठे नंतरच्यांनी मत फिरवलं ते समोरासमोर दिसतं. एकच छापील कोश घेऊन बसलात तर हे कळणारच नाही.

वैताग एकच, सगळं डचमध्ये आणि त्यात संक्षेप खच्चून भरलेले. एम-एन-एल म्हणजे मध्ययुगीन डच, हे एकदा डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

जुनी वाक्यं भरपूर हवी असतील तर मात्र लायडनच्या डच भाषा संस्थेच्या साइटवरचा महाकोश उघडा, १८६४ मध्ये छापायला घेतला तो १९९८ ला पूर्ण झाला, चाळीस खंड, तोही फुकट, फक्त स्पेलिंग एकोणिसाव्या शतकातलं.

आणि व्हर्लेखन झालं की लगेच 'ब्लो' शोधा, म्हणजे भित्रा. 'मेलेल्या यानपेक्षा भित्रा यान बरा' (यान हे डच पुरुषाचं नाव) अशी त्यावर डच म्हणच आहे, आणि त्याच शब्दाचा जर्मन भाऊ पूर्वी दुबळा, भिडस्त होता तो आज चक्क मूर्ख झालाय.