जयपूरला दीड दिवस: आमेर, जयगढ, नाहरगढ की सिटी पॅलेस?

दिल्ली-आग्रा-जयपूर अशा सहलीत जयपूरच्या वाट्याला बहुधा दीडच दिवस येतो. तेवढ्यात सगळं उरकायला गेलं की एकही ठिकाण धड पाहून होत नाही, फोनमध्ये मात्र चारशे फोटो साठतात. काहीतरी गाळावंच लागतं. काय गाळायचं, ते बरोबर कोण आहे आणि त्यांचे गुडघे काय म्हणतात यावर ठरतं.

आमेर की सिटी पॅलेस?

हे दोन्ही एकाच कछवाहा घराण्याचे वाडे, एक जुना आणि एक नवा. आमेरचं काम राजा मानसिंगांनी १५९२च्या सुमारास काढलं, मिर्झाराजे जयसिंगांनी त्यात भर घातली. पुढे सवाई जयसिंगांनी १७२७मध्ये सपाटीवर जयपूर वसवलं आणि बिऱ्हाड खाली हलवलं. या दोन जयसिंगांत आपला हमखास गोंधळ होतो. पुरंदरच्या तहाचे ते मिर्झाराजे; शहर वसवणारे सवाई हे त्यांचे खापरपणतू.

मराठी माणसाने आमेर सोडू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण आरसेमहाल नाही. १६६५च्या जूनमध्ये शिवाजी महाराजांकडून २३ किल्ले घेऊन जो माणूस पुरंदरच्या पायथ्याचा तळ हलवता झाला, त्याचं हे घर आहे. आग्र्याला महाराजांसाठी जामीन राहिलेले मिर्झाराजांचे चिरंजीव कुंवर रामसिंगही इथलेच. शाळेच्या पुस्तकात एका परिच्छेदात संपलेली ही माणसं राहत कशी होती, ते इथे दिसतं. आरसेमहालासमोरच्या सुखनिवासात भिंतीवरून पाणी खाली सोडून ते दगडी पाटातून खेळवलेलं आहे. वारा त्या पाण्यावरून यावा आणि दालन थंड राहावं, ही योजना. हे वैभव डोळ्यांत भरलेलं असताना पुरंदरच्या माचीवरचं जगणं आठवलं की दोन बाजूंच्या ऐपतीतला फरक कळतो.

आमेर शहरापासून अकरा किलोमीटरवर आहे. मावठा तलावापासून चढ आहे, पण सिंहगड चढणाऱ्याला तो चढ वाटायचा नाही. ज्यांना जमत नाही त्यांना जीप मागच्या बाजूने वर सोडते. हत्तीवरून जायची सोय आहे. फरसबंदीवर माणसं वाहणारं जनावर पाहून मला तरी त्यावर बसवलं नाही. सकाळी उघडल्या उघडल्या पोचा. दहानंतर आरसेमहालासमोर माणसांच्या टाळक्यांपलीकडे काही दिसत नाही.

सिटी पॅलेस याच्या अगदी उलट. चढ नाही, सावली आहे, बसायला जागा आहे. आई-वडील किंवा सासू-सासरे बरोबर असतील तर फार विचार न करता हाच घ्या. दिवाण-ए-खासमधले चांदीचे दोन प्रचंड रांजण पाहण्यासारखे आहेत. सवाई माधोसिंग दुसरे १९०२मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला लंडनला निघाले, तेव्हा समुद्रापार सोवळं मोडू नये म्हणून त्यांनी त्यांतून गंगाजल नेलं. एकेकाचं वजन साधारण ३४५ किलो. प्रीतमनिवास चौकातले चार ऋतूंचे दरवाजे सुंदर आहेत, त्यांतल्या मोराच्या दरवाज्यासमोर फोटोसाठी रांग लागते. पण एकूण ठिकाण संग्रहालयासारखं आहे: काचेआडचे अंगरखे, शस्त्रं, पाट्या. राजघराण्याचा वावर असलेल्या चंद्रमहालात साध्या तिकिटावर जाता येत नाही. तिकीट सरकारी ठिकाणांपेक्षा बरंच महाग आहे, आणि पैसे देताना ते जाणवतं.

जयगढ की नाहरगढ?

इथे माझं मत एकतर्फी आहे, आधीच सांगतो. जयगढ.

राजस्थानातले गड पाहून आपल्याकडचे ट्रेकर थोडे खट्टू होतात. सगळीकडे महाल आणि नक्षी; गड कुठाय? तो जयगढला आहे. आमेरच्या थेट डोक्यावर, त्याच डोंगररांगेवर हा किल्ला सवाई जयसिंगांनी बांधून घेतला. खाली राहायचा वाडा आणि वर लढायची जागा. दोन्ही मिळून आपण ज्याला गड म्हणतो तो पुरा होतो, म्हणून मी हे दोन वेगळे धरतच नाही. लांबच लांब तटबंदी, तोफा ओतायचा कारखाना, आणि अरवलीच्या उतारांवरचं पावसाचं पाणी पाटांनी आणून साठवणारी टाकी. त्यांतल्या मोठ्या टाक्यात ६० लाख गॅलन पाणी मावतं असं सांगतात. रायगडावरचा गंगासागर किंवा राजगडावरची टाकी निरखणाऱ्याने या पाटांचा माग काढत तासभर फिरावं. आणीबाणीत इथे दडवलेल्या खजिन्यासाठी सरकारने खणाखणी केली होती. खजिना मिळाल्याचं काही जाहीर झालं नाही, गाइडला मात्र कायमची गोष्ट मिळाली.

जयवाण तोफ इथेच आहे. १७२०मध्ये ओतलेली, वजन सुमारे ५० टन, चाकांवरची. लढाईत ती कधीच डागली गेली नाही. चाचणीचा एकच बार झाला आणि गोळा पडला तिथे तळं झालं, हेही गाइडकडूनच ऐका.

आमेरमधून जयगढला चालत जाता येतं, वाटेचा काही भाग भुयारातून. गाडीने जायचं तर आमेरहून मागे फिरून कनक घाटीतून वर वळसा घालावा लागतो. चालता येत असेल तर चाला.

नाहरगढ १७३४चा. माधवेंद्र भवनात राण्यांसाठी नऊ एकसारखे महाल केलेले आहेत, एका खेपेत पाहून होतात. लोक येतात ते संध्याकाळी खाली दिवे लागलेलं शहर बघायला. ते दृश्य खरंच चांगलं आहे. तरुण मंडळींचा गट असेल, दुपार मोकळी असेल, तर पाचच्या सुमारास जा. दुपारी बाराला कोणी नेत असेल तर नको म्हणा, मे महिन्यात तर हात जोडून.

हवामहल

बाहेरून. सकाळी, कारण दर्शनी बाजू पूर्वेकडे आहे आणि ऊन तेव्हाच तिच्यावर येतं. समोरच्या फुटपाथवर चहा घेत ९५३ खिडक्या मोजायचा प्रयत्न करा. १७९९ची ही वास्तू म्हणजे मुख्यतः भिंतच. आत गेल्यावर खिडकीतून रस्ता दिसतो, म्हणजे तुम्ही आत्ताच जिथे उभे होतात तीच जागा. तलावातला जलमहालही काठावरूनच पाहायचा.

तिकिटांचं एक लक्षात ठेवा. सरकारी एकत्रित तिकिटात आमेर, नाहरगढ, हवामहल, जंतरमंतर ही ठिकाणं येतात आणि ते दोन दिवस चालतं. जयगढ आणि सिटी पॅलेस त्यात नाहीत, त्यांची वेगळी तिकिटं काढावी लागतात.

त्याच एकत्रित तिकिटात ईसरलाट नावाचा मनोरा आहे, त्रिपोलिया बाजाराजवळ. कुठल्याच सहलीच्या यादीत तो नसतो. सवाई ईश्वरीसिंगांनी तो १७४९मध्ये उभारला. पुढच्याच वर्षी मराठ्यांची फौज थकलेल्या खंडणीसाठी जयपूरवर चालून आली, आणि देण्याची सोय नसलेल्या या राजाने विष घेतलं. त्यानंतर काही आठवड्यांतच, जानेवारी १७५१मध्ये, शहरात शिरलेल्या मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली. वर चढायला दहा मिनिटं लागतात. सवाई जयसिंगांनी आखलेले सरळसोट रस्ते आणि चौपडी (मोठे चौक) तिथून जेवढ्या स्वच्छ दिसतात तेवढ्या नाहरगढावरूनही दिसत नाहीत.