थीम पार्कचा वार्षिक पास, दोघांसाठी: दहा महिन्यांची वही

पास घेतला त्याच दिवशी मी एक वही उघडली. नवरा म्हणाला, "फिरायला चाललोय की ऑडिटला?" दहा महिने त्या वहीत सगळं लिहिलंय, लॉकरच्या भाड्यापासून ते त्याने गुपचूप विकत घेतलेल्या राइडवरच्या फोटोपर्यंत. (फोटो गुपचूप घेतला, पावती मात्र खिशात राहिली.) पार्कचं नाव मुद्दाम देत नाही. जे सांगायचंय ते बऱ्याच मोठ्या पार्कांना लागू पडेल, आणि आमच्या फजितीचं खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं नाहीये.

आधी आकडे. एका माणसाचा वर्षभराचा पास म्हणजे साडेतीन दिवसांच्या तिकिटांचे पैसे. दहा महिन्यांत आम्ही चार फेऱ्या केल्या आणि पार्कात एकूण नऊ दिवस काढले. म्हणजे तिकिटाच्या हिशोबाने पास चौथ्याच दिवशी फिटला. इथवर झकास. पण बेरीज केली तर एकूण खर्चात पासचा वाटा जेमतेम पाव निघाला. बाकी पाऊण प्रवास, राहणं, खाणं आणि किरकोळ या नावाखाली गेला. शिवाय पास नसता तर आम्ही वर्षात चारदा गेलोच नसतो. एकदा गेलो असतो, दोन दिवस राहून परत. तो काल्पनिक खर्चही मी मांडून पाहिला. पासमुळे दर दिवसाचा खर्च साधारण एक तृतीयांशाने उतरला आणि वर्षाचा खर्च जवळपास तिप्पट झाला. "पासने पैसे वाचतात का?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी हे दोन्ही आकडे एकत्रच सांगते, कारण जाहिरातीत फक्त पहिला असतो.

तरीही पश्चात्ताप नाही. त्याचं कारण पैशात नाही, आमच्या दुपारी तीनच्या भांडणात आहे.

पूर्वी एका दिवसाचं तिकीट काढून जायचो तेव्हा तीनच्या सुमाराला ठरलेलं भांडण व्हायचं. सकाळी दार उघडल्यापासून पळायचं, कारण तिकीट वसूल करायचंय. तीन वाजेपर्यंत पायाचे तुकडे, डोक्यावर ऊन, समोर सव्वा तासाची रांग, आणि मग "तूच म्हणालीस इकडे आधी जाऊ" पासून सुरुवात. पास हातात आल्यावर पहिल्या फेरीतही आम्ही सवयीने तसेच धावलो आणि तसेच भांडलो. दुसऱ्या फेरीत दुपारी एकला तो म्हणाला, "चल, जाऊन झोपू या. उद्या आहेच की." गेलो, दोन तास झोपलो, सहाला परत आलो. मुलांची कुटुंबं तोवर निघू लागली होती. ज्या राइडसमोर दुपारी सत्तर मिनिटांची पाटी होती तिथे पंचवीस मिनिटांत नंबर लागला. तेव्हापासून आमचा दिवस असाच: दार उघडायच्या अर्धा तास आधी फाटकाशी, पहिल्या दोन तासांत मोठ्या राइड, दुपारी बाहेर, आणि शेवटचे तीन तास पुन्हा आत. आमच्या पार्कात बंद होण्याच्या वेळी जो रांगेत उभा असेल त्याला राइड मिळतेच, म्हणून सर्वांत लांब रांगेची राइड आम्ही अगदी शेवटच्या पाच मिनिटांसाठी ठेवतो.

आता सिंगल रायडरची रांग. ही सोय बऱ्याच मोठ्या पार्कांत असते आणि तिचा एक पैसाही लागत नाही. एका ओळीत चार जागा असतील आणि तिघांचा गट आला तर एक जागा रिकामी राहते. ती भरायला एकट्याने बसायला तयार असलेल्यांची वेगळी रांग असते. आधी मी नाक मुरडलं होतं. जोडीने फिरायला यायचं आणि बसायचं लांब लांब? पण हिशोब करून पाहा. तासभर रांगेत एकत्र उभं राहणं आणि दोन मिनिटं राइडवर एकत्र बसणं, यातलं काय गमावतोय आपण? राइडवर तर डोळे मिटून ओरडतच असतो.

पहिल्यांदा त्या रांगेतून गेलो तेव्हा मला बाप आणि दोन मुलींच्या शेजारी बसवलं. धाकटीने लोखंडी दांडा खाली आल्या आल्या माझी बाही धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. माझा नवरा मागच्या गाडीत होता. मी उतरून फोटोंच्या पडद्यापाशी थांबले. चार मिनिटांनी तो आला, केस उभे, चष्मा हातात, आणि म्हणाला, "परत?" त्या संध्याकाळी तीच राइड आम्ही चारदा केली. साध्या रांगेतून एकदाच झाली असती. एक मात्र लक्षात ठेवा: नवी राइड पहिल्यांदा साध्या रांगेतूनच करा. राइडची गोष्ट, सजावट, वातावरण हे बहुतेक वेळा त्या रांगेतच मांडलेलं असतं, आणि सिंगल रायडरवाल्यांना मागच्या जिन्याने थेट फलाटावर नेतात.

पैसे देऊन रांग टाळायची सोय आम्ही एकदाच घेतली, तिसऱ्या फेरीत, शनिवारी. दोघांचे मिळून एका पूर्ण दिवसाच्या तिकिटाहून जास्त पैसे गेले. त्यातल्या दोन राइड अशा होत्या की साध्या रांगेतही दहा मिनिटंच लागली असती. एक पावसाने बंद पडली आणि तिचे पैसे परत मिळाले नाहीत. गंमत म्हणजे ही कल्पना जन्माला आली तेव्हा फुकट होती. डिस्नेने १९९९ मध्ये फास्टपास आणला तो तिकिटातच मिळायचा. मशीनमधून चिठ्ठी घ्यायची आणि दिलेल्या वेळेला यायचं. अमेरिकेतल्या त्यांच्या पार्कांत २०२१ पासून त्याची जागा पैसे मोजून घ्यायच्या सोयीने घेतली. आता इतर दिवशी रांगेत आम्ही शब्दांचे खेळ खेळतो. रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये लिहिलं होतं की रिकामा वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो. आमचा अनुभव त्याला सोळा आणे जुळतो. दोघांच्या फोनची बॅटरी संपल्यावर हा शोध लागला, ही गोष्ट वेगळी.

जोडीने पास घेणाऱ्यांनी एक प्रश्न आधी एकमेकांना विचारायला हवा, आणि आम्ही तो विचारला नव्हता: दोघांचं पोट सारखं आहे का? मला काहीही चालतं. नवऱ्याला रोलर कोस्टर चालतो, पण गोल फिरणारं काही आणि पडद्यासमोर खुर्ची हलवणारं काही चालत नाही. डोळे सांगतात आपण उडतोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण जागच्या जागी हलतोय, आणि या भांडणात पोटाचा बळी जातो. आमच्या पार्कातल्या जवळजवळ निम्म्या राइड असल्याच. म्हणजे पास दोघांचा सारख्याच किमतीचा, पण तो त्यातला अर्धाच वापरतो. मी राइडवर असते तेव्हा तो बाकावर बॅग सांभाळत बसतो.

अशा जोडप्यांना जुनी पद्धतच बरी पडते. १९५५ मध्ये डिस्नेलँड उघडलं तेव्हा आत शिरण्याचे पैसे वेगळे आणि राइडचे वेगळे होते. काही महिन्यांतच कूपनांची पुस्तिका आली आणि जितकी मोठी राइड तितकं पुढच्या अक्षराचं कूपन. ही पद्धत तिथे १९८२ पर्यंत चालली. कोपनहेगनच्या टिवोली पार्कात आजही प्रवेश आणि राइड वेगळे घेता येतात. त्याच शहराजवळचं बाकेन १५८३ पासूनचं, जगातलं सर्वांत जुनं मनोरंजन पार्क मानलं जातं, आणि तिथे प्रवेशाला पैसे पडतच नाहीत. जितकं बसाल तितकं द्या. दोघांपैकी एकालाच हौस असेल तर असं पार्क शोधा, किंवा एकानेच पास घ्या आणि दुसऱ्याने दिवसाचं तिकीट. पासधारकाच्या सोबत्याला सवलतीचं तिकीट मिळतं हे आमच्या पासच्या नियमांत सातव्या पानावर होतं. मी ते सहाव्या महिन्यात वाचलं.

नियम न वाचल्याचा खरा फटका एका फेरीला बसला. गर्दी नको म्हणून अगदी पडत्या हंगामात गेलो. गर्दी खरंच नव्हती. सर्वांत मोठा कोस्टरही नव्हता. रुळांभोवती परांची बांधलेली, वार्षिक देखभाल चालू. पार्कवाले अशी कामं पडत्या हंगामातच काढणार, हे उघड आहे, आणि तारखा त्यांच्या साइटवर दोन महिने आधीपासून होत्या. गाडीची आणि खोलीची तिकिटं काढण्याआधी दोन तारखा बघायच्या: कोणती राइड कधी बंद आहे आणि आपला पास कोणत्या दिवशी चालत नाही. स्वस्त पासवर शाळांच्या सुट्ट्या आणि लांब शनिवार-रविवार बहुधा वगळलेले असतात.

राहण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या फेरीत एक रात्र पार्कच्याच हॉटेलात राहिलो, कारण तिथल्या पाहुण्यांना तासभर आधी आत सोडतात. तो तास सोन्यासारखा होता, पण त्या तासाची किंमत बाहेरच्या साध्या खोलीच्या तीन रात्रींइतकी होती. नंतरच्या तिन्ही फेऱ्यांना दोन स्टेशनं अलीकडे राहिलो. दुपारी झोपायला जायचं असेल तर त्याहून लांब राहू नका, नाहीतर सगळी दुपार प्रवासातच जाईल.

किरकोळ खर्चात सर्वांत वाईट दिसतो तो लॉकर. दर वेळी रक्कम चिल्लर वाटते, पण कोस्टर बदलला की लॉकर नवा, भाडं नवं. पहिल्या तीन दिवसांत लॉकरवर गेलेले पैसे बघून मी दोघांसाठी चेन असलेले कमरेचे चपटे पट्टे घेतले. फोन, कार्ड आणि किल्ली त्यात बसते, राइडवरचे कर्मचारीही हरकत घेत नाहीत. नंतर लॉकरचा खर्च शून्य. पाण्याची रिकामी बाटली नेऊन आत भरून घेतो. डबा आत नेऊ देतात का हे पार्कागणिक वेगळं असतं. आमच्याकडे नेऊ देतात, फक्त काचेचं भांडं चालत नाही. पाण्याच्या राइडसाठी प्लास्टिकचे रेनकोट घरूनच न्या. आत विकत घेतलेला आमचा एक रेनकोट पहिल्याच लाटेत काखेत फाटला.

एक फुकटची गोष्ट सांगते, जी मला पाचव्या-सहाव्या दिवशी कळली. कोस्टरवर सगळ्यांची धाव पुढच्या ओळीकडे असते आणि तिच्यासाठी वेगळी रांगही लागते. तुम्ही मागची ओळ मागा. पहिल्या उतारावर पुढचे डबे आधीच खाली झेपावलेले असतात, ते शेवटच्या डब्याला माथ्यावरून ओढून नेतात, आणि खुर्चीवरून उचललं जाण्याची ती झेप मागेच जास्त लागते. पुढे वारा आणि देखावा, मागे जोर. आम्ही आता पुढे बसायला थांबतच नाही.

तक्रार एकच, पण मोठी. पास हप्त्याने घेतला होता आणि वर्षानंतर आपोआप पुढे चालू राहण्याचा पर्याय आधीपासून टिक केलेला होता. तो काढून टाकायला नवव्या महिन्यात बसले तेव्हा ॲपमध्ये पर्याय सापडेना. फोन केला तर ईमेल करा, ईमेल केला तर "तुमची विनंती नोंदवली आहे" एवढंच उत्तर. अकरा दिवसांनी आणि तीन ईमेलनंतर रद्द झाल्याचं पत्र आलं. पास घेताना जो खूण एका सेकंदात करून घेतो, त्याने ती पुसायलाही सेकंदच लावावा, एवढी अपेक्षा चुकीची नसावी.

पुढच्या वर्षी पास घेणार नाही. त्याच्या पुढच्या वर्षी घेऊ, तोही वेगळ्या रीतीने. आमच्या पासचे बारा महिने विकत घेतल्या दिवसापासून नाही, पहिल्या प्रवेशापासून मोजतात. यंदा हंगामाच्या सुरुवातीला सुरू केला म्हणून एकच हंगाम मिळाला. हंगाम ऐन भरात असताना सुरू केला तर या हंगामाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात, दोन्ही त्यात बसतात. चारऐवजी तीनच फेऱ्या करायच्या असंही ठरलंय. नवऱ्याच्या मते अडीच, कारण एका फेरीत तो बाकावरच बसणार आहे.