जि. भंडारा लिहिलेला पास आणि माझे 60,539 रुपये

आकडा आधीच लिहून टाकतो: सहलीच्या खोट्या जाहिरातीपायी 60,539 रुपये गेले. गेल्या तीन आठवड्यांत ज्याला ज्याला सांगितलं, त्याने पहिला प्रश्न हाच विचारला, "कितीला बसला?" उत्तर ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे येतं तेही आता मला पाठ झालंय. त्यात मी पतसंस्थेत कॅशियर. माझ्या खिडकीच्या काचेवर "ओटीपी कोणालाही सांगू नका" हा कागद मीच चिकटवलेला आहे. ओटीपी मी कोणाला सांगितला नव्हता. एवढी नोंद असू द्या.

आम्ही सहा जण शाळेपासूनचे. दर डिसेंबरात कोणाच्या तरी वावरात जमायचं, गोवऱ्यांवर पानगे, वांग्याचं भरीत, रात्रभर गप्पा, झालं. यंदा बंड्याने मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. नवेगावबांध तलाव-इटियाडोह धरण, कडाक्याच्या थंडीत पाण्याकाठी तंबू, फोर बाय फोर जीप, गळाने मासेमारी, रात्री शेकोटी. दोन रात्री, माणशी 4,500. स्वस्त असतं तर मला संशय आला असता. स्वस्त नव्हतं, म्हणून विश्वास बसला. हे गणित त्या लोकांनाही माहीत असणार.

मी फोन केला. पलीकडचा माणूस अस्सल आपल्याकडचा बोलणारा. "भाऊ, गोंदियाची थंडी हाय, कानटोपी आणा." गाडीबद्दल विचारलं तर म्हणाला, काठाच्या गाळात टायरची हवा 20 वर उतरवतो आणि फोर-एल (चारही चाकांना जोर देणारा लहान गियर) टाकतो, नाहीतर आपली काळी माती गाडी सोडत नाही. माशांबद्दल विचारलं तर म्हणाला, थंडीत मरळ चारा कमी घेते, दुपारच्या उन्हात गळ टाका, रोहूला कणकेचा गोळा चालतो. हे सगळं खरं आहे. चोर खरं बोलत होता, तिथेच मी गारद झालो. आमच्यात डॉक्टर (गुरांचा) लहानपणापासून नदीवर गळ टाकणारा, तोसुद्धा म्हणाला, "माणूस जाणकार दिसते."

आता पैसे. 27,000 पैकी निम्मे आगाऊ, 13,500. दोन जीपचं परत मिळणारं डिपॉझिट, दहा-दहा हजार, 20,000. पैसे पाठवताना स्क्रीनवर त्या माणसाचं नाव न येता कुठल्या तरी ट्रेडर्सचं नाव आलं. विचारलं, तर "ते आमच्या सीएचं खातं हाय." सीएच्या खात्यात कोणी गिऱ्हाइकाचे पैसे घेतो का? मी रोज नऊ तास लोकांच्या खात्यांशी खेळणारा माणूस, आणि मी "बरं" म्हणालो. नाव जुळलं नाही की तिथेच थांबा. नंतर काहीही स्पष्टीकरण मिळालं तरी थांबा.

जीपचे फोटो पाठवले होते, त्यांच्या नंबरप्लेटा पांढऱ्या. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देताच येत नाही. मला हे माहीत होतं. तेव्हा आठवलं नाही, इतकंच.

आणि मग तो पास.

"मासेमारी व वनप्रवेश परवाना", माणशी 500, वर 18 टक्के जीएसटी धरून 590, सहा जणांचे 3,540. पैसे पाठवल्यावर दहा मिनिटांत पीडीएफ आली. वर सिंह, खाली निळा गोल शिक्का, सही, बारकोड. गट क्रमांकसुद्धा होता. मी तो ग्रुपवर टाकला. आमच्यातला गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. त्याने दोन मिनिटांनी लिहिलं, "अबे, यावर जि. भंडारा काहून लिहिलं? नवेगाव गोंदियात येते."

गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून 1 मे 1999 ला वेगळा झाला. पंचवीस वर्षं उलटली. वन विभागाच्या परवान्यावर जिल्हाच चुकलेला असावा, याचा अर्थ गुरुजीच्या चौथीतल्या पोरानेही लावला असता. मी काय उत्तर दिलं? ग्रुपवर अजून आहे, मी ते पुसलेलं नाही: "सरकारी फॉर्म हाय बे, जुना फॉरमॅट असंल. तू प्रत्येक गोष्टीत चुका काढतो. यायचं नसंल तर सांग."

खाली चार जणांनी हसण्याची चित्रं टाकली. गुरुजी गप्प बसला.

त्या रात्रीपासून मी हे वाक्य किती वेळा वाचलं असेल याचा हिशेब नाही. पैशाचं दुःख एका बाजूला. पण सहा जणांत एकाला दिसलं होतं आणि मी त्याला चार जणांसमोर गप्प केलं. त्या क्षणी फक्त 37,040 गेले होते. "फक्त" म्हणतोय, बघा माझी गत.

आणि जिल्हा राहू द्या. नवेगाव-नागझिरा 2013 पासून व्याघ्र प्रकल्प आहे. अशा जंगलात मासेमारीला बंदी असते, सूर्य मावळल्यावर पर्यटकाला आत फिरू देत नाहीत, सफारीची गाडी गेटवर नोंदलेली लागते आणि सोबत गाइड लागतो. विदर्भात जन्म गेला, चार वेळा सफारी केली, तरी मी असा माणूस निघालो की जंगलात रात्री शेकोटी करून मासे मारायचा परवाना 590 रुपयांत मिळतो, यावर विश्वास ठेवला. वन विभागाचे पैसे कोणा भाऊच्या नंबरवर जात नाहीत. कुठेही नाही, कधीच नाही.

ठरल्या दिवशी पहाटे चारला निघालो. नागपूर, भंडारा, साकोली करत कोहमाऱ्याला आलो. जीप तिथेच मिळणार होत्या. साडेआठपासून चौकात चहा पीत उभे. अकराला फोन आला: "सर, उरलेले 13,500 टाका, त्याशिवाय ऑफिस जीप सोडत नाही." सहा माणसं, दोन गाड्या भरून सामान, डॉक्टरने याच सहलीसाठी 2,350 रुपयांचा नवा रॉड घेतलेला. आता परत कोण जाणार? टाकले. मग त्याने लोकेशन पाठवलं, "जीप थेट कॅम्पवर लावतो."

लोकेशन अर्जुनी मोरगाव ओलांडून, गोठणगावच्या पुढे, इटियाडोहच्या मागच्या पाण्याला. पाणी उतरलं होतं, काठावर गाळपेर केलेली. तिथे तंबू नाही, जीप नाही, माणूस नाही. लांब एक डोंगा आणि पाणकावळे. बंड्याला वाटलं थोडं पुढे असेल, म्हणून त्याने आपली साधी गाडी गाळात घातली. आमचं ऑफ-रोड ड्रायव्हिंग एवढंच: चाळीस फूट. नंतर एका पोराने ट्रॅक्टर आणून गाडी ओढली, 800 रुपये घेतले. त्या दोन दिवसांत ज्याचा मोबदला मिळाला असे पैसे तेवढेच.

डोंग्यावरचे ढिवरबुवा काठाला आले. त्यांना पास दाखवला. त्यांनी मोबाइल हातात न घेताच म्हटलं, "धरनातली मासोळी ठेक्याची हाय बाबू. संस्था ठेका भरते, तवा आमी जाळं टाकतो. पास-बीस कोनी देत नाही." मग थोडं थांबून, "मागल्या शनवारी बी पोट्टे आल्ते, चंद्रपूरचे. असाच कागद घेऊन."

मागच्या शनिवारी! म्हणजे आमच्या आधी आठ दिवस. त्यांच्यापैकी कोणी कुठे एक ओळ लिहिली असती तर? लाजेने लिहिली नसेल. मला कळतं ते. मीही तीन आठवडे लावलेच.

अंधार पडल्यावर त्या माणसाने चक्क फोन उचलला. आवाज गोड. "सर, गाडी देवरीजवळ बंद पडली, माफ करा, पूर्ण पैसे परत करतो. रिफंडचा क्यूआर पाठवतो, स्कॅन करा." पुढचं तुम्हाला माहीत आहे. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. हे मी दर आठवड्याला कोणत्या ना कोणत्या म्हातारीला समजावून सांगतो. पण रेंजची एक काडी, बॅटरी 11 टक्के, बोटं थंडीने बधिर आणि पाच जोडी डोळे माझ्यावर. मला ते 50,540 त्यांच्यासमोर परत आणून दाखवायचे होते. पिन टाकला. 9,999 गेले. त्यानंतर नंबर बंद.

रात्र गाड्यांत काढली. तो पुरवणार होता म्हणून स्लीपिंग बॅगा कोणीच आणल्या नव्हत्या. दोन ब्लँकेटांत सहा जण. जाळ केला, पण पानगे करायला कोणी उठलं नाही, कच्ची कणीक तशीच राहिली. ढिवरबुवांनी घरून एक घोंगडी पाठवली. सकाळी ती परत करायला गेलो तर चहा पाजला. पैसे देऊ केले तर रागावले.

इथे माझी आणखी एक घोडचूक. 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन मी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला केला, पैसे गेल्यावर चौदा तासांनी. तुम्ही पहिल्या मिनिटाला करा. काठावर उभे राहून करा, शिव्या नंतर द्या. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात पळतात. पहिल्या खात्यात आहेत तोवर अडवणं सोपं असतं.

तक्रार नोंदली, पोच क्रमांक आला. मग सुरू झाली वारी. महामार्गावरच्या एका ठाण्यात गेलो. हवालदारसाहेब म्हणाले, "पैसे कुठून पाठवले? पहिले घरून ना? मग तुमच्याच ठाण्यात द्या." आमच्या तालुक्याच्या ठाण्यात गेलो. "शेवटचे पैसे कुठे गेले? तिकडे धरणावर ना? मग तिकडे द्या." कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो हे मी सांगितलं, तर म्हणाले, "वकील आहे का?" भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं 66ड लिहून नेलं होतं. त्या कागदावर त्यांनी चहाचा कप ठेवला. खोटं सांगत नाही, गोल डाग आहे.

जिल्ह्याच्या सायबर शाखेत तिसऱ्या दिवशी. "स्क्रीनशॉट प्रिंट करून आणा." आणले, 34 पानं, 10 रुपयांप्रमाणे 340. "रंगीत कशाला काढले? काळ्या-पांढऱ्यात चालतात." दुसऱ्या खेपेला साहेब बंदोबस्तात. तिसऱ्या खेपेला अर्ज सापडेना. चौथ्या खेपेला सापडला, पण त्यावर माझं नाव चुकीचं टाइप केलेलं. ते दुरुस्त करायला पुन्हा अर्ज. आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न, तेच हसू: "पतसंस्थेत काम करता ना?" मला एक विचारायचंय. ज्याचं घर फुटतं त्याला कुलूप कुठल्या कंपनीचं होतं हे विचारून कोणी हसतं का?

बँकेत तर उत्तर तयारच होतं. "पिन तुम्हीच टाकला, म्हणजे व्यवहार तुमच्या मर्जीचा." रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक मी दाखवलं. त्यात कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य असं आहे, पण ते खातेदाराच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना लागू. मी स्वतः पाठवलेत. बरोबर आहे त्यांचं. नियमाने बरोबर आहे. पण ज्या खात्यात एका महिन्यात शेकडो अनोळखी लोक पैसे टाकतात ते ट्रेडर्सचं खातं उघडलं कोणी, त्याची कागदपत्रं तपासली कोणी, हे विचारलं तर "ती दुसरी बँक आहे." मी लेखी तक्रार दिली आणि शिक्का मारलेली पोच घेतली. शिक्का मिळेस्तोवर उठू नका. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला ही पोच लागते. माझे अजून काही दिवस बाकी आहेत.

आतापर्यंत अडवले गेले 2,140 रुपये. तेही मिळालेले नाहीत, कोणाच्या तरी खात्यात गोठवलेत. सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. वकिलाने फी सांगितली 3,000.

घरी बायकोला अजून अर्धाच आकडा माहीत आहे.

9,999 मी एकट्याने सोसायचे ठरवले, ते माझं शहाणपण होतं. उरलेल्या 50,540 पैकी प्रत्येकाचे 8,423 मी परत पाठवायला लागलो, कारण पाठवणारा मी, गुरुजीला गप्प करणारा मी. बंड्या आणि डॉक्टर नको म्हणाले, मी ऐकलं नाही. उरलेल्या दोघांनी घेतले. काल गुरुजीला पाठवले. चार मिनिटांत सगळेच्या सगळे परत आले. खाली शेऱ्याच्या जागी त्याने दोनच शब्द टाकले होते: जि. गोंदिया.